आल्याची सही

३ जून

मामा,

नमस्कार, खुशाली, सगळं लिहिलं असं समज. पत्र वर्कशॉपच्या पत्त्यावर टाकतेय, कारण घरी टाकलं तर मामी उघडेल. फोन करत नाही, कारण तुझा फोन कायम स्पीकरवर. मागच्या वेळी माझ्या पोटदुखीवर तुझ्या चार मेकॅनिकांनी चार औषधं सुचवली होती.

आता बैस. हातातला पाना खाली ठेव. आम्ही दोघं वेगळे होतोय.

मारझोड नाही, दारू नाही, तिसरं कोणी नाही. सात वर्षांत आमचं एकही भांडण झालं नाही, असं मामी चारचौघांत कौतुकाने सांगते ना, तेच दुखणं आहे. तो दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासतो, मी लॅबमध्ये लोकांच्या कवळ्या बनवते, आणि घरी आल्यावर एकमेकांच्या तोंडाकडे कोणी बघत नाही. मार्चमध्ये तो तीन आठवडे ट्रेनिंगला परगावी होता. परत आला तेव्हा मी दार उघडून विचारलं, "आज लवकर आलास?" तो म्हणाला, "हो, जरा लवकर सुटलो." मग काय बोललो ते दोघांच्याही लक्षात आलं आणि आम्ही दारातच उभे राहिलो.

पुढच्या रविवारी चादरीची घडी घालताना तो म्हणाला, "आपण हे थांबवूया का?" दोन टोकं त्याच्याकडे, दोन माझ्याकडे. मी हो म्हटलं. घडी मात्र पूर्ण घातली.

आता खरी भीती सांगते. आम्ही अजून एकमेकांना चांगलं म्हणतो. माझ्या मैत्रिणीचंही असंच गोडीगुलाबीने ठरलं होतं. मग वकील आले, आणि आता ती दोघं तुळशीच्या एवढ्याशा कुंडीवरून तारखा घेतात. मला तसं नकोय. जिथे भांडण नाही तिथे ते न लावणारा वकील हवाय. आमच्या गावातले चालणार नाहीत. आहेतच तीन, तिघांच्या कवळ्या मी केल्यात आणि चष्मे ह्याने. लग्नाची नोंद तुमच्याच शहरातली, त्यामुळे अर्ज तिकडे करता येतो म्हणे. कोर्टासमोरच्या वकिलांच्या बिल्डिंगच्या लिफ्टची देखभाल तुझ्याकडे आहे ना? बघशील?

मामीला इतक्यात सांगू नकोस. स्थळ तिने आणलं होतं.

तुझी,
खारूताई

११ जून

खारूताई,

आशीर्वाद नेहमीचाच, या खेपेला थोडा जास्त घे.

पाना खाली ठेवायला सांगितलंस ते बरं केलंस, नाहीतर पायावरच पडला असता. समजूत घालायला मी येत नाही. तीस वर्षं लिफ्टमध्ये अडकलेली माणसं बाहेर काढतोय. अडकलेल्याला 'आत कशाला शिरलात' असं विचारायचं नसतं, आधी दार उघडायचं असतं.

वकिलाचं काम माझ्यावर सोड. माझी शाळा आठवीत सुटली. पुढचं जे काही शिकलो ते कानाने. मशीनला हात लावायच्या आधी मी बाहेर पाच मिनिटं नुसता उभा राहतो आणि ऐकतो. वकिलाचंही तेच करणार. वकील स्वतःबद्दल काय सांगतो ते ऐकण्यात अर्थ नाही. त्याच्या खोलीतून बाहेर पडणारी माणसं काय बोलतात ते ऐकायचं.

काल तिसऱ्या मजल्यावर गेलो. ह्या वकिलाला सगळी बिल्डिंग 'तोफ' म्हणते. बाहेर दोन बाकं, एक गरगरणारा पंखा आणि एक कारकून. मी बाकावर बसलो तर कारकून म्हणतो, "फॉर्म भरल्याशिवाय बसता येत नाही." तुझं नाव तर उघड करायचं नाही. मग मी माझंच नाव घातलं, पत्ता माझा, लग्नाची तारीख माझी, बायकोच्या जागी तुझी मामी. खोटं नाव लिहायला मला जमत नाही. शेवटी दोनतीन कागदांवर फुल्या मारलेल्या होत्या, तिथे आल्याची सही केली.

आतून माणसं कशी बाहेर पडत होती सांगू? छाती काढून! एक गृहस्थ आत जाताना रडवेले होते, बाहेर आले ते बाह्या सरसावूनच. "आता बघतोच तिच्याकडे!" मला पसंत पडलं. इंजिनात दम आहे.

मग मला आत बोलावलं. मी तुमचीच गोष्ट माझी म्हणून सांगितली. चादर, तीन आठवडे, 'लवकर आलास', सगळं. म्हटलं, भांडण अजिबात नाही. तोफ टेबलावर मूठ आपटून म्हणाला, "नाही कसं? असणारच! आणखी आठवा!" मी बरंच आठवून पाहिलं. शेवटी म्हटलं, बातम्या चालू असताना ती माझा रेडिओ बंद करते. त्याने ते लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

अजून दोघे बघायचे आहेत. काळजी करू नकोस, मामीला वासही लागू देणार नाही.

मामा

१७ जून

मामा,

तू फॉर्मवर स्वतःचं नाव घातलंस? जपून हं. आणि तोफ नको. आम्हाला कोणाकडे बघायचं नाहीये.

काल आम्ही दोघांनी बसून वकिलाला विचारायचे प्रश्न काढले. खरं सांगू, वर्षभरात इतका वेळ समोरासमोर बसलो नव्हतो. त्याचा प्रश्न: दोघांनी मिळून एकच वकील केला तर चालतो का? माझा: किती दिवस लागतात, आणि मधेच एकाचं मन बदललं तर? त्याचा: न्यायाधीश कारण विचारतात तेव्हा काय सांगायचं? मी म्हटलं, खरं सांगायचं. तो म्हणाला, "खरं काय आहे?"  तो रकाना रिकामाच आहे.

वेगळं झाल्यावर फ्रीज कोणाकडे जाणार यावर आमचा वाद झाला. तो म्हणतो तू घे, मी म्हणते तू घे. असल्या वादाला वकील लागतो का तेही विचार.

खारूताई

२८ जून

खारूताई,

घे, सगळी चौकशी झाली.

दोघांनी मिळून एकच अर्ज करायचा, त्याला परस्पर संमतीचा म्हणतात. आधी सगळ्या वस्तूंची वाटणी घरीच ठरवून कागदावर आणायची. अर्ज दिला की कोर्ट सहा महिने थांबायला लावतं, विचार करायला. त्या मुदतीत कोणीही 'नको' म्हणू शकतं. मग पुन्हा दोघांनी हजर व्हायचं, न्यायाधीश विचारतात नक्की का, हो म्हटलं की झालं. थोडक्यात, दार एकदम उघडत नाही. आधी लिफ्ट मजल्याला लागते, मगच उघडतं. मला पद्धत आवडली.

आता माणसं. चौथ्या मजल्यावरच्याला मी 'मधाचं बोट' असं नाव ठेवलंय. पाणी विचारलं, उशी दिली पाठीला. म्हणाला, "काका, सगळं गोडीत करू. वहिनींना कळणारही नाही." घरात काय काय आहे ते इतक्या मायेने विचारत गेला की मी कपाटापासून मामीच्या शिवणयंत्रापर्यंत सगळं सांगून मोकळा झालो. तिथेही आल्याची सही केली. बाहेर येणारी माणसं हसत येत होती.

पाचव्या मजल्यावर एक वकीलबाई आहेत. त्यांचं नाव काढू नकोस. एकतर त्या जिन्याने ये-जा करतात! पाच मजले! जी बाई माझ्या लिफ्टवर विश्वास ठेवत नाही, तिच्यावर मी का ठेवू? दुसरं म्हणजे त्यांच्या खोलीतून माणसं बाहेर येतात ती मुकाट. एक जोडपं तर कुरकुरत होतं, "ह्यांच्यात काही जोशच नाही. म्हणे घरी जाऊन यादी करा." मलाही काही विशेष बोलल्या नाहीत, नुसत्याच प्रश्न विचारत राहिल्या, मधूनमधून माझ्याकडे बघत. आल्याची सही केली आणि निघालो.

तर माझा निकाल: पहिला तोफ, दुसरा मधाचं बोट, बाई तिसऱ्या आणि बाद. तोफ नको म्हणतेस तर मधाचं बोट घेऊ. कळव.

मामा

ता. क. मामी हल्ली फार प्रेमाने वागतेय. तिला काही म्हणजे काही माहीत नाही.

१० जुलै

खारे,

मी मामी लिहितेय. आशीर्वाद मागून देते, आधी ऐक.

सोमवारी माझा शिवणक्लास भरलेला होता. पंधरा मुली, सगळ्या बाही कापायला बसलेल्या. पोस्टमन रजिस्टर पत्र घेऊन आला. माझे हात खडूने भरलेले, म्हणून एका मुलीला म्हटलं, वाच गं मोठ्याने, कापडवाल्याचं असेल. तिने वाचलं. "आमच्या अशिलाच्या सूचनेवरून आपणांस कळविण्यात येते की, आपण आमच्या अशिलाचा एकतीस वर्षे अतोनात मानसिक छळ केला असून, त्यांच्या करमणुकीच्या व ज्ञानाच्या साधनावर, म्हणजे रेडिओवर, वारंवार हेतुपुरस्सर हल्ला केला आहे." पंधरा मुलींनी कात्र्या खाली ठेवल्या. एकही बाही त्या दिवशी पुरी झाली नाही.

मंगळवारी दुसरं आलं. "परमआदरणीय वहिनीसाहेब," अशी सुरुवात. मला वाटलं कसलं तरी निमंत्रण आहे. शेवटी काय, तर मी स्वखुशीने घर सोडावं, प्रकृतीची काळजी घ्यावी, आणि शिवणयंत्र तुझ्या मामाकडे राहील. शिवणयंत्र! ज्या माणसाला शर्टाचं बटण लावायला सांगितलं तर तो वेल्डिंगची मशीन आणतो!

जेवायला तो घरी आला. मी पान वाढलं आणि रेडिओ त्याच्या ताटाशेजारी ठेवला, मोठ्याने लावून. तो खूश. म्हणाला, "आज काय विशेष?" म्हटलं, "छळ बंद केला." नोटीस पुढ्यात टाकली. त्याचा घास हातातच राहिला.

आता तुझ्याकडे येते. पहिल्या नोटिशीत लिहिलंय की मी चादरीची घडी घालताना संसार थांबवायला होकार दिला. एकतीस वर्षांत तुझ्या मामाने चादरीचं एक टोक धरलेलं नाही. आणि तीन आठवडे परगावी? तो एक दिवस बाहेर राहिला तर मोज्यांसाठी तीन फोन करतो. ही माझी गोष्ट नाही एवढं कळायला मला वकील लागला नाही. विचारलं, "कोणाची?" एका मिनिटात सगळं ओकला.

मला का नाही सांगितलंस गं? स्थळ आणलं होतं, फासाचा दोर नव्हता आणला. मुलगा चांगला होता आणि तू चांगली होतीस, दोन चांगली कापडं एकमेकांना शोभतील असं मला वाटलं. नाही शोभली. उसवायला मला येत नाही असं वाटलं का तुला? शिवणारीला पहिलं उसवायलाच शिकवतात.

पण रागावले आहे मी. आशीर्वाद अर्धाच देते.

मामी

११ जुलै

खारूताई,

घाईत लिहितो. मामीचं पत्र पोचलं असेल. माझी बाजू ऐक.

आमच्या धंद्यात प्रत्येक मशीनखोलीच्या दाराला एक कार्ड टांगलेलं असतं. जो येतो तो तारीख टाकून सही करतो. सही म्हणजे 'येऊन गेलो'. तीस वर्षांत मी अशा हजारो सह्या केल्या, एकीनेही माझा संसार मोडला नाही. वकिलांकडे त्याच सहीला वकीलपत्र म्हणतात, म्हणजे खटला त्यांच्या हाती दिला, हे मला कोणी सांगायचं? तोफेकडे गेलो, म्हटलं थांबवा. तो म्हणतो, "घाबरलात? तिने धमकावलं ना? हेही लिहून घेतो." मधाच्या बोटाकडे गेलो, त्याने पुन्हा पाठीला उशी दिली आणि म्हणाला, "मन हळवं होतंच काका, दुसरी नोटीस आणखी गोड पाठवू."

मामी धड बोलत नाही. म्हणते, नोटिशीला परिच्छेदवार उत्तर लिहितेय. काल बाविसाव्या परिच्छेदावर होती. सोळाव्यात माझी आई आहे.

मामा

१५ जुलै

मामी,

चुकलं माझं. तुला दुखवायचं नव्हतं म्हणून लपवलं, आणि वर तुझ्याच घरी दोन वकील सोडले. उरलेला अर्धा आशीर्वाद मला मिळायला नको.

तुझ्या पत्रातल्या नोटिशी मी त्याला वाचून दाखवल्या. शिवणयंत्रापाशी आम्ही दोघं इतके हसलो की शेजारीण विचारायला आली. हसू ओसरल्यावर तो म्हणाला, "एकतीस वर्षांच्या माणसांना दोन सह्यांत हे इथवर आणतात, तर आपलं काय करतील?" मला हेच वाटत होतं. वकिलाशिवाय होणार नाही, आणि वकील केला की हे असं. आता पुढच्या वर्षी बघू असं तो म्हणाला. पुढच्या वर्षी बघू म्हणजे आहे तसंच आणखी सात वर्षं, मामी. मला ठाऊक आहे ते.

काय करू?

खारे

२४ जुलै

खारे,

पुढच्या वर्षी वगैरे काही नाही. दोघंही येत्या शनिवारी इकडे या.

तिसरं पाकीटही आलं होतं, पाचव्या मजल्यावरचं. साध्या टपालाने आणि तुझ्या मामाच्या नावाचं, म्हणून मी ते बाजूला टाकलं होतं. तुझं पत्र वाचल्यावर ते त्याच्यापुढे ठेवलं आणि म्हटलं, वाच, हा शेवटचा बॉम्ब आहे. त्याने डोळे मिटून घेतले, मग मीच वाचलं. अक्षर न् अक्षर देते:

"आपण सही केलेलं वकीलपत्र सोबत परत पाठवत आहे. पाऊण तासात मी आपल्याला चौदा प्रश्न विचारले. त्यातल्या अकरांना आपण 'घरी विचारून सांगतो' असं उत्तर दिलंत. अशा माणसाला माझा उपयोग नाही. घटस्फोट घ्यायचा की नाही, हेही घरी विचारून घ्या. ज्या कोणासाठी आपण आला होतात त्यांना पाठवावं. मात्र दोघांनाही, आणि एकाच वेळी."

खारे, मी तो कागद दोनदा वाचला. मग तुझ्या मामाला म्हटलं, "जन्मभर जगाला सांगत आलास की चांगल्या लिफ्टचा आवाज येत नाही. आणि वकील निवडताना सगळ्यात जास्त खडखडणारी उचललीस?" तो म्हणाला, "पण त्या जिन्याने जातात." म्हटलं, "त्यांचे गुडघे, त्यांचा जिना. तुझ्या पोटात का दुखतं?"

तुझी परीक्षाच होती ना, जिथे भांडण नाही तिथे कोण लावत नाही? मग याहून चोख परीक्षा कोणती? आमच्या घरात भांडण नव्हतं. दोघांनी लावलं, तेही फर्स्ट क्लास. तिसरीने नाही लावलं. नोटीस कशी आहे ते पाठवणाऱ्याला कळत नाही, ज्याच्या हातात पडते त्याला विचारावं. मी तिन्ही वाचल्यात. माझं ऐक.

परवा त्या वकीलबाईंकडे जाऊनही आलो आम्ही. तोफ आणि मधाच्या बोटाची वकीलपत्रं रद्द करून घ्यायला आता त्याच मदत करतायत. तुझ्या मामाला एक कागद सही करायला दिला, तर त्याने माझ्याकडे बघितलं. "करू?" बाई माझ्याकडे बघून हसल्या. मी उत्तराचे परिच्छेद अठ्ठावीसवर थांबवले. फाडले नाहीत. असू देत.

आशीर्वाद पूर्ण.

मामी

१९ फेब्रुवारी

मामा, मामी,

तुम्ही दोघांनी दोनदा फोन केलात आणि मी उचलला नाही. बोलता येत नव्हतं, म्हणून लिहितेय.

काल झालं. सहा महिन्यांत वकीलबाईंनी आम्हाला तीनदाच बोलावलं आणि दर वेळी एकच विचारलं, "यादीत काही बदल?" फ्रीज शेवटी मीच घेतला. त्याच्या नव्या खोलीत तो मावतच नव्हता, आणि हे लपवून तो मला 'तू घे' म्हणत होता. ते बाईंनी फ्रीजची आणि खोलीची मापं विचारली तेव्हा बाहेर आलं.

काल कोर्टाच्या व्हरांड्यात आम्ही एका बाकावर बसलो होतो, पाण्याची बाटली एकच. शेजारी दोन कुटुंबं घशाच्या शिरा ताणून भांडत होती. शिपाई येऊन आम्हाला म्हणाला, "साक्षीदार तिकडे बसतात." आम्ही म्हटलं, पक्षकार आहोत. त्याचा विश्वास बसेना. त्याने कागद मागून बघितला.

आत न्यायाधीशबाईंनी कारण विचारलं. आमचा तो रकाना तेव्हाही रिकामाच होता. तो म्हणाला, "आम्ही एकमेकांचं काही बिघडवलं नाही. पण घडवलंही नाही." त्यांनी ते लिहून घेतलं. मग विचारलं, नक्की का? मी हो म्हटलं. तोही म्हणाला. पंधरा मिनिटंही लागली नाहीत.

बाहेर आलो. काय बोलायचं ते सुचेना, म्हणून मी 'चल' म्हणून निघालेसुद्धा. फाटकापाशी पोचले तर मागून पळत येण्याचा आवाज. उन्हासाठी आणलेली माझी छत्री बाकावर राहिली होती. त्याने ती माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "तुझी आहे."

सात वर्षांत त्या घरातली कुठली छत्री कोणाची, हे आम्ही कधी म्हटलं नव्हतं. मला तिथेच रडू फुटलं. तो गेला नाही. रुमाल काढून दिला नाही, डोक्यावर हात ठेवला नाही. माझं रडणं संपेपर्यंत नुसता शेजारी उभा राहिला, माझी पिशवी धरून. मग त्याची बस आली, तो गेला. नंतर माझी आली.

भांडण झालं नाही, मामा. एवढंच कळवायचं होतं.

खारूताई